अस्तर आतून की बाहेरून?

ऑपरेशनांतही मानपान असतो. हृदयाचं झालं की माणूस लग्नात पुढच्या सोफ्यावर बसतो. 'दोन स्टेंट घातलेत' हे तो ज्या आवाजात सांगतो, त्या आवाजात पूर्वी लोक 'दोन्ही मुलं अमेरिकेत' असं सांगायचे. गुडघे बदललेली बाई न विचारता जिना चढून दाखवते. मूतखडा तर बाटलीत घालून शोकेसमध्ये, मुलाच्या ट्रॉफीशेजारी ठेवलेला मी पाहिलाय. हर्नियाचं तसं नाही. 'कुठं झालाय?' म्हणून विचारलं की सांगणारा हात हवेत फिरवतो, पोटापाशी आणतो, तिथून थोडा खाली नेतो, आणि समोर बायका बसल्यात हे ध्यानात येऊन पुन्हा वर आणतो. मग 'पोटाचं आपलं किरकोळ' असं जाहीर होतं आणि विषय पावसावर जातो.

बरं, लपवण्याइतकं हे दुखणं दुर्मिळही नाही. इंग्लंडातल्या एका जुन्या हिशोबानुसार १०० पुरुषांतल्या २७ जणांना आयुष्यात कधी ना कधी जांघेतल्या हर्नियासाठी टेबलावर झोपावं लागतं. बायकांत हा आकडा अवघा ३. म्हणजे सकाळी मिलिटरी महादेवापासून काँग्रेस रोडनं फिरायला निघणारा आठ रिटायर्ड माणसांचा जो घोळका असतो, त्यात दोन गिऱ्हाइकं तरी धरून चालायला हरकत नाही. साखर, बीपी, युरिक ॲसिड, सुनेचं वागणं, बेळगावचं पाणी, सगळ्यावर तिथं चर्चा होते. ह्यावर नाही.

आमचे मामा बेळगाव कॅम्पातले मिलिटरी टेलर. मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरात भरती झालेल्या पोरांच्या कमरा ट्रेनिंगमध्ये कशा आत जातात आणि हवालदार झाल्यावर कशा बाहेर येतात, याचा हिशोब त्यांच्या वहीत पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. एकदा खाकीचं थान फळीवर चढवताना त्यांना उजव्या जांघेत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं. उभं राहिलं की लिंबाएवढा फुगवटा, आडवं झालं की गायब. दुसरा कुणी डॉक्टरकडे गेला असता. मामा मशिनवर गेले. त्यांनी स्वतःच्या तीन पँटी उसवल्या आणि पुढं दोन-दोन प्लेटी घातल्या. फुगवटा प्लेटीत असा काही मुरला की वर्षभर कॅम्पात कुणाला पत्ता लागला नाही. लागला तो मामींना. "साठी उलटल्यावर ह्यांना प्लेटची पँट कशाला सुचालीय म्हणून मी बघितलं," असं त्या अजून सांगतात, आणि ते सांगताना हात हवेत अजिबात फिरवत नाहीत.

कॅम्पात घरं लांब लांब, झाडं थोराड, कंपाउंडं ऐसपैस; पण बातमीला अंतर लागत नाही. दोन दिवसांत सल्लागार मंडळ हजर. अग्रभागी रिटायर्ड सुभेदारसाहेब. त्यांच्या मते आजकालच्या हर्नियाला एकच कारण: लंगोट सुटला. त्यांच्या भरतीच्या वेळी मेडिकलला डॉक्टर समोर उभं करून खोकायला लावायचा, आणि खोकताना ज्याच्या जांघेत काही उसळलं त्याला 'आधी ऑपरेशन करून ये' म्हणून घरी धाडायचा. "आम्ही तालमीतले. आम्हाला खोकून खोकून छातीला कळ आली, पण खाली हाललं नाही!" हे साहेबांनी मामींच्या देखत उभं राहून करून दाखवलं. दुसरे एक गृहस्थ औषधाच्या दुकानातला पट्टा घेऊनच आले. त्यांच्या वडिलांचा होता, वडील गेले, पट्टा शाबूत. तिसऱ्यांनी एरंडेल सांगितलं, चौथ्यांनी सर्वांगासन. खालून गळणारी वस्तू उलटं केल्यावर आत जाणारच, हा त्यांचा मुद्दा तर्काला धरून होता. पण माणसानं सरळ केव्हा व्हायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

खरी अडचण अशी की हे भोक आहे. पुरुषाच्या बाबतीत तिथली भिंत मुळातच कच्ची, कारण जन्माआधी वृषण पोटातून खाली उतरतात ते त्याच वाटेनं. पुढं वय, जुनाट खोकला, शौचाला कुंथणं, प्रोस्टेटपायी लघवीला जोर करणं, वजनं उचलणं, यांनी ती वाट रुंदावते आणि आतली चरबी किंवा आतड्याचं वेटोळं बाहेर डोकावतं. मोठ्या माणसात हे भोक एरंडेलानं बुजत नाही, पट्ट्यानंही नाही. पट्टा फार तर दारात पाय अडकवून उभा राहतो.

मग लगेच कापायचंच का? इथं आपल्या बेळगावकरांना जवळचा वाटेल असा एक पर्याय वैद्यकशास्त्रात आहे: जैसे थे. २००६ साली अमेरिकेत ७२० पुरुषांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हर्निया आहे पण फारसा त्रास नाही, अशी ही माणसं. काहींचं ऑपरेशन केलं, काहींना नुसतं थांबवून पाहिलं. थांबलेल्यांत आतडं अडकून धावाधाव झाली अशी माणसं वर्षाला हजारात दोनसुद्धा भरली नाहीत. म्हणजे घाई नाही. पण दोन वर्षांत त्यांतला जवळजवळ पाव हिस्सा आपल्या पायांनी ऑपरेशनला आला, आणि दहा वर्षांत दोन तृतीयांशांहून जास्त. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यापेक्षा हर्नियाचा निकाल लवकर लागतो, एवढाच याचा अर्थ. मात्र फुगवटा दगडासारखा घट्ट झाला, आत जाईना, दुखायला आणि उलट्या व्हायला लागल्या, तर जैसे थे वगैरे काही नाही, रात्रीचे दोन वाजलेले असोत, गाडी काढायची. बायकांच्या जांघेतल्या हर्नियालाही ही सवलत नाही. तो अडकण्याची धास्ती जास्त, म्हणून डॉक्टर थांबू देत नाहीत.

मामांचा त्रास सुरू झाला होता. पायमशिन मारताना ओढ लागायची. तेव्हा 'करायचं' हे ठरलं, आणि 'कुठं' हा प्रश्न आला. ज्यानं सीमाभागात एकदाही आजारी माणूस हलवलेला नाही, त्याला या प्रश्नाची खोली कळायची नाही. नेहरूनगरात केएलई, शहरात जिल्हा हॉस्पिटल. पण मामींच्या माहेरी अजून मोठं दुखणं म्हणजे मिरज. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून ह्या घराण्यातलं एकही अपेंडिक्स दुसऱ्या गावात निघालेलं नाही. थोरल्या जावयाचं म्हणणं कोल्हापूर. धाकटा भाचा पुण्यात आयटीत; तो फोनवरून 'रोबोटिक' एवढा एकच शब्द बोलायचा. गोव्याची आतेबहीण म्हणाली, "हांगा या," आणि वर मासे खायला बोलावलं.

त्यात पैशाचा मामला. इथला माणूस कर्नाटकाच्या आरोग्य कार्डावर. शिवाय २०२३ मध्ये महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी माणसांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आणली, त्यावरून बंगळुरूकडून जोराचा निषेध झाला. आणि कॅम्प स्वतः कुणाचाच नाही; तो कॅन्टोन्मेंट बोर्डाचा, म्हणजे दिल्लीच्या संरक्षण खात्याचा. एका जांघेवर तीन सरकारांचा हक्क. मामांनी दोन्ही योजनांचे कागद टेबलावर पसरले, चष्मा लावून वाचले आणि घडी घालून ठेवले. "एवढ्या झेरॉक्सा काढूस्तवर डावीकडं पण होतोय," म्हणाले.

शेवटी ठरलं ते डब्यावरून. मिरजेला डबा कोण नेणार, कोल्हापूरला रात्री कोण थांबणार, याची उत्तरं मिळेनात तेव्हा हॉस्पिटलं आपोआप गळत गेली आणि उरले कॅम्पापासून स्कूटरच्या टप्प्यातले एक सर्जन. माणूस बैलहोंगलकडचा, मराठी बोलताना शेवटाला 'री' लावणारा. मी सोबत होतो. त्यांनी मामांना उभं केलं, दोन बोटं जागेवर ठेवली आणि म्हणाले, "खोका री, मामा." मामा खोकले. "अजून जोरात री." बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली. "आहे," डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफीची गरज नाही." मग त्यांनी कागदावर पोटाच्या भिंतीचं चित्र काढलं, भोक दाखवलं. मामा चित्रावर वाकले आणि तिथून पुढं कुणी कुणाला तपासलं ते सांगणं कठीण आहे.

"म्हणजे कापड विरलंय."

"होय री."

"मग ओढून टाके मारा की."

डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं तेच करत होते. १८८७ साली इटलीतल्या पादुआच्या बासिनींनी ती रीत जगापुढं मांडली: भोकाच्या दोन्ही बाजू ओढून आणायच्या आणि टाक्यांनी भिंत बांधायची. मामांनी मान हलवली. "टिकत नाही. विरलेलं कापड ओढून शिवलं की टाका जातोय तसाच राहतोय आणि कापड टाक्याच्या शेजारी फाटतंय." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "हे आमच्या लोकांना पचायला शंभर वर्षं लागली." १९८४ मध्ये लॉस एंजेलिसच्या लिख्टेनस्टाइन यांनी ओढणंच सोडून दिलं. भोकावर पॉलिप्रॉपिलीनची जाळी, अजिबात ताण न देता, ठिगळासारखी बसवायची. तिच्या छिद्रांतून शरीर नवं मांस विणून घेतं. आज जगभर सगळ्यात जास्त चालतं ते हेच. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे काय, असं मामांनी विचारलं. खताची पोती ज्याची विणतात तेच, पण साफसूफ आणि निर्जंतुक. मामींनी पदर तोंडाला लावला.

मामांना आता रंग चढला होता. ठिगळच लावायचं तर दुसऱ्याचं कशाला, ह्याच कापडाचं का नको? डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. पुण्याचे डॉ. मोहन देसरडा यांनी नेमकं तेच केलं आणि २००१ पासून जगापुढं मांडलं. जांघेवरच्या स्नायूचा जो चिवट पांढरा पडदा असतो, त्याचीच एक पट्टी, दोन्ही टोकं न तोडता, मागच्या कमजोर भिंतीवर शिवायची. परकी जाळी नको, जाळीचे पैसे नकोत. "रंग पण जुळतोय," मामा म्हणाले. मग थांबून, "पण तेच कापड विरलेलं असलं तर?" डॉक्टर हसले. पडदा पातळ असेल तिथं ही रीत वापरत नाहीत. जाळीवाले आणि बिनजाळीवाले यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. कॅनडात टोरांटोजवळ शोल्डाइस नावाचं एक हॉस्पिटल १९४५ पासून हर्नियाशिवाय दुसरं काही करतच नाही. ते जाळी न घालता भिंतीचे पदर एकावर एक चढवून बारीक स्टीलच्या तारेनं शिवतात, आणि त्यांचे आकडे कुणालाही हेवा वाटावा असे आहेत. "तारेनं?" मामा म्हणाले. तारेनं. मामा बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले.

मच्छरदाणीची गोष्ट मात्र मी मुद्दाम काढली, कारण ती आपल्याकडची आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. टोणगावकर यांच्यापुढं गरीब पेशंट आणि महाग परदेशी जाळी असा पेच होता. त्यांनी मच्छरदाणीचं कापड तपासलं, निर्जंतुक केलं आणि हर्नियाला वापरलं. २००३ मध्ये साथीदारांबरोबर त्याचे निष्कर्ष भारतातल्या सर्जनांच्या नियतकालिकात छापले. शहाण्यांनी नाकं मुरडली. पुढं २०१६ मध्ये युगांडातल्या ३०२ पुरुषांवरचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अर्ध्यांना १२५ डॉलरची बाजारी जाळी, अर्ध्यांना एका डॉलरची मच्छरदाणीची. वर्षानंतर तपासलं तर मच्छरदाणीवाल्यांत एकाचा हर्निया उलटला, बाजारी जाळीवाल्यांत एकाचाही नाही. फरक म्हणावा असा काही निघाला नाही. दोंडाईचातल्या माणसाचं डोकं, आफ्रिकेतला पुरावा, अमेरिकेतला शिक्का. आपल्याकडं कुठल्याही गोष्टीला मान्यता मिळायचा हाच राजमार्ग आहे.

मामांचा चेहरा उजळला. सैन्याच्या मच्छरदाण्या दुरुस्तीला त्यांच्याकडं गठ्ठ्यानं येतात. "हिरवी चालेल काय?" त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी हात जोडले. ते कापड विशिष्ट धाग्याचं, तपासून, नीट निर्जंतुक करून घेतलेलं असतं. घरची आणायची नसते. तरी मामा बारीक आवाजात म्हणालेच, "पॅराट्रूपरांची आहे, एकदम मजबूत."

राहिली दुर्बीण. लॅपरोस्कोपी म्हटलं की लोकांना ती आपोआप श्रेष्ठ वाटते. मुंबईत जे. जे. हॉस्पिटलात १९९० मध्ये डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी देशातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशय काढलं, तेव्हापासून 'होल पाडून' हा शब्द खेडोपाडी गेलाय. हर्नियात तीन बारीक छिद्रं, पोट वायूनं फुगवून जागा करायची, आणि सुमारे १० बाय १५ सेंटिमीटरची जाळी भिंतीच्या मागून बसवायची. त्यातही दोन घराणी: एकाला टॅप म्हणतात, ते पोटाच्या पोकळीतून जातं; दुसऱ्याला टेप, ते पोकळीत न शिरता पदरांच्या मधून. मामांनी हे ऐकलं आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते डॉक्टरांनी पुढं आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलं म्हणतात:

"म्हणजे प्रश्न एवढाच. अस्तर आतून लावायचं, की बाहेरून."

एवढाच. आतून लावलेल्याला पोटाचा दाब भिंतीवर दाबून धरतो, दुखणं कमी, माणूस लवकर कामाला लागतो. दोन्ही बाजूंना हर्निया असेल किंवा आधी समोरून केलेला उलटला असेल तर हेच बरं. पण पूर्ण भूल लागते, खर्च चढतो, आणि हात बसायला सर्जनला ५० ते १०० ऑपरेशनं तरी करावी लागतात. बाहेरून लावायचं तर जागेपुरती किंवा कमरेखालची भूल पुरते, पूर्वी प्रोस्टेटचं मोठं ऑपरेशन झालेल्यालाही जमतं. रोबोट म्हणजे दुर्बिणीचंच महागडं रूप. मामा म्हणाले, "कळलं, कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी," आणि पुण्याच्या भाच्याचा विषय संपला.

डॉक्टरांनी एक कडू गोष्टही लपवली नाही. कुठल्याही रीतीनं केलं तरी दहातल्या एखाद्याला तिथं पुढं बरेच महिने टोचत-दुखत राहतं; त्या जागेतून तीन नसा जातात, एखादी टाक्यात किंवा व्रणात अडकते. "कॉलरमध्ये टाचणी राहिली तसं," मामा म्हणाले. कटिंग-फिटिंगमधलं पाप त्यांना सांगावं लागत नव्हतं.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला की मी इंटरनेटवर पंधरा रात्री वाचूनही मला सुचला नव्हता. "डॉक्टर, रीती पुष्कळ हैत. तुमचा हात कशावर बसलाय? आठवड्याला काय करताय?" २०१८ साली जगभरच्या हर्नियातज्ज्ञांनी मिळून भलीमोठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात शेवटी हेच निघतं: सगळ्यांना एकच ऑपरेशन लागू पडत नाही, बाहेरून किंवा दुर्बिणीनं, दोन्ही चांगली, ज्याच्या हाती जी रीत मुरलीय, त्याच्याकडून ती करून घ्या. गिऱ्हाइकानं शिंप्याला सफारी शिवतोस की शेरवानी हे आधी विचारावं, हे मामांना मार्गदर्शिकेविना ठाऊक होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही करतो, पण बाहेरून जाळी झोपेतसुद्धा बसवेन री. "झोपेत नको," मामा म्हणाले, "जागेपणी बसवा. आणि मी पण जागा राहतो."

तसे ते राहिले. कमरेखाली भूल, मध्ये हिरवा पडदा. आत काय झालं ते नर्सनं मामींना सांगितलं आणि मामींनी कॅम्पाला. पडद्याच्या अलीकडून आवाज: "टाका सलग मारालाय, की सुटा?" पलीकडून उत्तर: "खालच्या कडेला सलग, वर सुटे री." "बरोबर. गाठ दोन वेळा फिरवा." जाळी बसवून झाल्यावर डॉक्टरांनी मामांना खोकायला सांगितलं म्हणे. मामांनी आधी विचारलं, "फिनिशिंग झालं काय?"

दुसऱ्या दिवशी घरी. सुभेदारसाहेब तीन महिने पलंग सोडायचा नाही म्हणाले. डॉक्टर म्हणाले होते, झेपेल तसं चाला-फिरा, थोडे दिवस थान तेवढं उचलू नका. कुंथणं टाळायचं म्हणून फळं-भाज्या सांगितलेल्या, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण कुंदा घेऊन आलेला. मामींनी सगळा फ्रिजमध्ये ठेवला. मामांचं लक्ष कुंद्याकडं नव्हतंच. ते बिल वाचत होते. एकेक ओळ, बोट ठेवून. जाळीच्या किमतीपाशी ते थांबले नाहीत, भूलवाल्याच्या फीलाही काही बोलले नाहीत. थांबले ते टाक्याच्या दोऱ्यापाशी. पाकीट एक, लांबी पाऊण मीटर.

"पाऊण मीटर दोरा," मामा म्हणाले, "आणि हे पैसे?"

आता ते बिल दुकानात मशिनच्या वर, आरशाशेजारी, पिना मारून लावलंय. पँट कमरेला कमी करायचे दर मामांनी त्याच आठवड्यात वाढवले. कुणी रिक्रूट कुरकुरला की ते काहीएक बोलत नाहीत, पट्टीनं बिलातली ती ओळ दाखवतात आणि टेप गळ्यात टाकून म्हणतात, "हूं, सरळ उभा ऱ्हा. पोट आत नको घेऊस."